हंसराजाचा शेजार

१

मनीप्लँट जगवला म्हणून कोणी माझ्यापुढे मिरवायला लागलं की मला हसू येतं. मनीप्लँट बाटलीत खुपसला तरी जगतो, विसरलात तरी जगतो आणि चोरून आणला तर म्हणे जास्तच फोफावतो. ती नवशिक्यांची झाडं. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी घरात आणावीत ती अवघड झाडं. रेक्स बिगोनिया, जिच्या पानावर पाणी साचलं की डाग पडतो. आफ्रिकन व्हायोलेट, जिला गार पाण्याचं वावडं. आणि या सगळ्यांच्या वरताण हंसराज. काळे, तारेसारखे बारीक देठ आणि त्यांवर नखाएवढी हिरवी पानं. दमट मुलखात तो मोरीच्या भिंतीवरही उगवतो. आमच्याकडे एकदा माती सुकली की संध्याकाळपर्यंत पानांचा चुरा. नागपूरच्या मे महिन्यात, घरातल्या घरात, कोणी हंसराज तगवलेला मी पाहिला नव्हता.

मी धरमपेठेत राहत होते आणि मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. रोज सकाळी चहाच्या आधी मी कुंड्यांवरून फिरायची. मातीत बोट घालायचं, कोरडी लागली तर पाणी द्यायचं आणि कुंडी पाव फेरा वळवायची, म्हणजे झाड खिडकीकडे कलत नाही. पाणी दिल्यावर मी क्षणभर कान देऊन थांबायची. तहानलेली माती पाणी पिते तेव्हा बारीक चुरचुर आवाज येतो. तो मला फार आवडायचा.

एकोणऐंशी साली होळीच्या सुमारास मधुकरराव एका पत्र्याच्या डब्यात हंसराजाचा गड्डा घेऊन आले. मधुकरराव आमच्या बागवाल्या मंडळाचे कार्यवाह. झाडांवर जीव, पण हाताला यश नाही. उन्हाळ्यात लग्नाला जायचे, कुंड्यांना पाण्याची वात लावायची विसरायचे आणि परत येऊन काड्या उपटत बसायचे. म्हणून हाती लागेल त्या झाडाचे तुकडे करून ते दहा घरी वाटत सुटत. मंडळाचा नेमच होता तो: मागणाऱ्याला झाडाचा तुकडा द्यायला नाही म्हणायचं नाही. आपल्याकडचं मेलं तरी दुसऱ्याकडे राहतं.

"घ्या प्रेमिलाबाई," ते म्हणाले. "आमच्या वावरातल्या विहिरीत होता हा, कपारीत. जगला तर तुमच्याच हातानं जगन."

"विहिरीतला म्हणजे पाण्याची सवय असणार."

"पाणी कुठचं जी? कईची कोरडी ठण्ण पडली थे विहीर. हा मात्र तसाच हिरवागार."

"कुठून तरी झिरपत असेल," मी म्हटलं. शास्त्राच्या बाईला एवढं उत्तर पुरतं.

२

घरात सगळ्यांत गार ती मधली खोली. तिला एकच खिडकी, त्या खिडकीला कूलर, कूलरला वाळ्याच्या ताट्या. हंसराज मी तिथंच एका स्टुलावर ठेवला आणि त्याला शेजार दिला. ही मुरलेल्या लोकांची युक्ती आहे. नाजूक झाडाला एकटं ठेवायचं नाही. मोठ्या पानांचं झाड जवळ ठेवलं की त्याच्या पानांतून सुटणाऱ्या वाफेवर नाजूक झाड तग धरतं. माझा जुना फिलोडेंड्रॉन अंगापिंडानं चांगला होता. त्याच्या कुशीत मी हंसराज ठेवला.

फिलोडेंड्रॉन चैत्र संपायच्या आत वाळला. पानं कागदासारखी झाली, खोड सुरकुतलं. मला वाटलं, पाणी जास्त होऊन मुळं कुजली. उपटून पाहिली तर मुळं पांढरीशुभ्र आणि माती ओली. झाडांचंही माणसांसारखंच असतं, कधी कोणाची वेळ येईल सांगता येत नाही, असं म्हणून मी ते मागल्या अंगणात फेकलं.

ती जागा रिकामी झाली, तेव्हा तिथं मी यमुताईची बाज टाकली.

यमुताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. मला न्हाऊ घालणं, भरवणं, पाटी घेऊन शाळेत बसवणं, सगळं तिनंच केलं. नवरा गेल्यावर काटोलकडचं घर बंद करून ती माझ्याकडे राहायला आली होती. मला तिच्याशिवाय कोणी नव्हतं आणि तिला माझ्याशिवाय. साठी उलटली तरी तिची वेणी मनगटाएवढी जाड आणि काळीभोर होती. रात्री निजताना ती वेणी बाजेवरून खाली सोडायची, म्हणजे मानेला गरम होत नाही. उन्हाळा तिला सोसत नसे, म्हणून घरातली गार जागा तिची. तिचं डोकं आलं नेमकं हंसराजाच्या स्टुलाशी.

"हे काय बाजूले ठेवलं वं पमे?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

"असू दे. त्याला गारवा लागतो."

"मलेबी लागते," ती म्हणाली आणि हसली. "राहू दोघं."

मेच्या सुरुवातीला मला एका लग्नाला कामठीला जाऊन राहावं लागलं. यमुताई उन्हाची यायला तयार नव्हती आणि झाडांचं काम मी तिला सांगत नसे. मी उंच स्टुलावर पाण्यानं भरलेला गडवा ठेवला, त्यातून जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात काढून हंसराजाच्या मातीत खोवली. वात पाणी ओढते, माती ओली राहते. ही युक्तीही जुनीच.

परत आले तर गडवा काठोकाठ भरलेला. वात हडकासारखी कोरडी. आणि हंसराजाच्या मातीत बोट घातलं तर गार, ओली माती. तीन नवे कोंब मुठी वळून उभे होते.

"तू पाणी घातलंस का गं?"

"हातबी नाही लावला मी," यमुताई म्हणाली. तिचे ओठ तडकले होते. "मलेच पाणी पुरून नाही राहिलं. माठ रिकामा करून टाकला वं म्या."

३

ऊन लागलं, दुसरं काय. नवतपा, मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, तोंडावर आला होता. मी तिला कैरीचं पन्हं दिलं, जेवणात कच्चा कांदा वाढला, तळपायांना काशाच्या वाटीनं तूप चोळलं. डॉक्टरनं जीभ पाहिली आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. ती पितच होती. दिवसभर गडवा तोंडाला लावलेला. पण पाणी जात कुठे होतं कोण जाणे. डोळे आत गेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. जी बाई मला उचलून विहिरीवर न्यायची, तिचा हात हातात घेतला तर वाळक्या शेंगेसारखा हलका लागत होता. मला काळजी वाटायला लागली.

हंसराज मात्र दृष्ट लागावी असा वाढला. मंडळातली माणसं मुद्दाम पाहायला आली. रुपराव म्हणून एक जुने बागवाले होते, त्यांनी पानांखालून हात फिरवला आणि विचारलं, "बाई, देऊन काय राहिले तुम्ही याले?"

"काहीच नाही," मी म्हटलं. खरं तेच होतं. मी त्याला पाणी घालणं केव्हाच सोडलं होतं. माती ओलीच असायची. कूलरचे तुषार उडत असतील असं मी मनाशी ठरवलं होतं. तुषार उडत असते तर स्टूलही ओलं झालं असतं, हेही मला दिसत होतं. पण मे महिन्यात हंसराज तगवलेली बाई होते मी. कौतुक कोणाला नको असतं?

त्याच सुमाराला एक गोष्ट लक्षात आली. झाड उजेडाकडे कलतं, हे मी सातवीच्या मुलींना शिकवायची. हंसराज खिडकीकडे पाठ करून कलला होता. मी कुंडी पाव फेरा वळवली. सकाळी पाहिलं तर सगळे देठ पुन्हा बाजेकडे. मी पुन्हा वळवली. पुन्हा तेच. मग कूलरचा वारा त्यांना तिकडे ढकलत असेल असं म्हणून मी एक दिवस कूलरच्या पट्ट्या दुसरीकडे वळवल्या. देठ वाऱ्याच्या उलट, उशीकडे झुकून राहिले.

यमुताई निजलेली होती. तिचा श्वास कोरडा, खरखरीत यायचा. तिनं श्वास सोडला की उशीजवळची पानं हलायची, यात काहीच नवल नव्हतं. पण ती श्वास घ्यायची तेव्हाही पानं हलत, आणि जरा आधीच.

मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. सुट्टीत माणसाला उद्योग नसला की असं सुचतं, असं स्वतःला दटावलं.

४

एका दुपारी जेवून मी यमुताईच्या बाजेपलीकडे चटई टाकून पडले होते. कूलरचा घर्रऽऽ आवाज आणि पंपाची टकटक चालू होती. त्या आवाजाची इतकी सवय होते की तो थांबला की जाग येते. लाईट गेली आणि मला जाग आली.

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खोलीत वाळ्याचा ओला वास आणि अंधुक उजेड. आणि त्या शांततेत मला तो आवाज आला. बारीक, चुरचुर. तहानलेली माती पाणी पिते तेव्हाचा.

कोणी पाणी घातलं नव्हतं. आम्ही दोघीच घरात होतो आणि यमुताई निजलेली होती.

आवाज थांबत नव्हता. मी उठून बाजेला वळसा घातला. यमुताई पाठीवर पडली होती, तोंड उघडं, ओठ पांढरे. वेणी नेहमीसारखी बाजेवरून खाली सुटली होती. पण तिचं टोक जमिनीवर नव्हतं. ते स्टुलावर, कुंडीत होतं. झोपेत वळताना पडलं असेल. मी टोक धरून उचलायला गेले आणि ते आलं नाही.

मी जरा ओढलं. मातीनं धरलेलं मूळ ओढताना हाताला जो ताण लागतो तो मला चांगला ठाऊक आहे. तसाच ताण लागला. वेणी हातात गार आणि ओली होती. उशीशी हात लावून पाहिला तर तिथंही ओली. त्या सबंध खोलीत कोरडी होती ती फक्त यमुताई.

मला भीती वाटली. मी शिवणाच्या पेटीतली कात्री आणली आणि मानेपासून वीतभर ठेवून वेणी कापली. कात्री केसांवर वाजते तशी वाजली नाही. ओला देठ कापावा तशी चालली. आणि कापलेल्या टोकातून, यमुताईकडच्या टोकातून, पाणी ठिबकलं. स्वच्छ, नितळ पाणी, एकामागून एक थेंब. मी अंगठ्यानं ते टोक दाबून धरलं आणि लाईट येईपर्यंत तशीच बसून राहिले.

कूलर सुरू झाला तेव्हा यमुताईनं डोळे उघडले. मान चाचपली.

"कापली का वं?"

"गुंता झाला होता गं," मी म्हटलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "कईपासून ओढल्यासारखं वाटून राहिलं होतं."

नंतर मी कुंडीतली माती उकरली. तेवढी लांब वेणी, पण एक केस सापडला नाही. काळे देठ तेवढे पूर्वीपेक्षा दाट वाटले. मी मोजले नव्हते, त्यामुळे खात्री देता येत नाही.

५

माझ्या हातानं मी एकही झाड कधी मुद्दाम मारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती कुंडी उचलून मी मागल्या अंगणात, फरशीवर, भर उन्हात नेऊन ठेवली. नवतप्याचं ऊन. तासाभरात हंसराजाची राख व्हायला हवी होती. मी दाराच्या सावलीत उभी राहून पाहत होते. पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या आणि मला हायसं वाटलं.

तेवढ्यात आतून यमुताईची हाक आली. हाक कसली, कण्हणंच ते.

"पमे, आंगाले चटके बसून राहिले वं. आग लागली काय कुठं?"

मी धावत आत गेले. कूलर पूर्ण वेगानं चालू होता, खोली गार होती. यमुताई बाजेवर आकसून पडली होती. मी तिचे हात पाहिले. बोटांची टोकं तपकिरी पडली होती आणि मी हात लावला तिथं कातडीचा बारीक चुरा निघाला.

कुंडी आत आणताना माझे हात भाजले. मी ती स्टुलावर आदळली आणि माठातलं सगळं पाणी तिच्यात ओतलं. माती चुरचुरली.

"हंऽऽ," यमुताई म्हणाली. लहान मुलाला दूध मिळाल्यावर ते टाकतं तसा सुस्कारा. "आता बरं वाटून राहिलं."

तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मी शास्त्र शिकवते. एकदा घडलं त्याला मी पुरावा मानत नाही. म्हणून एका सकाळी मी कुंडीला पाणी दिलं नाही आणि यमुताईला हवं तेवढं दिलं. ती दुपारपर्यंत तहान तहान करत राहिली. मग कुंडीला पाणी दिलं आणि ती शांत झोपली. पुन्हा एक दिवस करून पाहिलं. तिसऱ्यांदा करायची हिंमत झाली नाही. वेणी कापून मी तिला सोडवलं नव्हतं. वरचा भाग कापून खालचा कुंडीत राहू दिला होता, आणि ओल्या मातीत राहिलेल्या तुकड्याचं पुढं काय होतं हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

त्यानंतर मी तो हंसराज जितका जपला तितकं काही जपलं नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी, ओल्या गोणपाटाचा आडोसा, पानांवर हलका शिडकावा. यमुताईच्या अंगावर मूठमूठ मांस चढलं. बोटं भरून आली. ती खांद्यापर्यंतचे केस विंचरत अंगणात येऊन बसायला लागली. हंसराजाला नवी पालवी फुटली की त्या दिवशी तिला गाणी आठवायची. मंडळाच्या लोकांना मी दारातूनच परत पाठवत असे. शिष्ट म्हणाले, म्हणोत. तिला मात्र मी यातलं काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते?

६

नवतपा सरून दोन आठवडे झाले तरी पाऊस नव्हता, आणि कूलरच्या ताट्यांतला वाळा कुजून वास मारायला लागला. नवा आणायला मी बर्डीवरच्या बाजारात गेले. निघताना कुंडीला भरपूर पाणी दिलं, यमुताईला आतून कडी लावायला सांगितलं. ऊन उतरायच्या आत परत आले.

यमुताई बाजेवर बसली होती. चेहरा खुशीत. कोणाचा तरी पाहुणचार केल्यावर असायचा तसा.

"मधुकरराव येऊन गेले," ती म्हणाली. "तू नव्हती तं मीच चहा पाजला. बिचारा हंसराज पाहून लय खूश झाला. त्याहिच्याच विहिरीतला म्हणे."

माझी नजर स्टुलाकडे गेली. कुंडी होती. हंसराज होता. पण एका बाजूची माती उकरलेली होती आणि झाड उजवीकडचं तेवढंच उरलं होतं.

"यमुताई, काय केलंस?"

"अर्धा देल्ला त्याहिले. तूच तं सांगते, मागणाऱ्याले झाड नाही म्हणू नाही. म्याच सुरीनं कापून देल्ला. कापताना कसंतरीच झालं वं, पोटात गोळा आल्यावानी. पण मंग बरं वाटलं."

"कुठे आहेत ते? घरी गेले का?" मी पिशवी टाकली आणि पुन्हा चपला पायात घातल्या.

"घरी कायले? टेशनावरच जाऊन राहिले होते. साळीच्या पोरीचं लग्न आहे रायपूरले. गाडी गेली असन आता." ती हसली. "लग्नघरी पाव्हणे येतीन, त्याहिले थोडं थोडं वाटतो म्हणे. ज्याले जगवता येईन थो जगवन."

मी दारात तशीच उभी राहिले. भर दुपारची गाडी, तापलेला पत्र्याचा डबा, त्यात तो ओला गड्डा. वात लावायची विसरणारे मधुकरराव. आणि मांडवात, पंगती उठल्यावर, ज्याला त्याला एकेक देठ.

यमुताई डावा हात मांडीवर घेऊन पाहत होती. बोटं उघडत होती, मिटत होती. करंगळी मिटत नव्हती.

माठातून गडवा भरला आणि उरलेल्या अर्ध्या हंसराजाला सावकाश पाणी घातलं. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. माती चुरचुरली. यमुताईनं डोळे मिटून सुस्कारा टाकला.

"हे इकडचं आंग गार झालं," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच तिनं डावा हात माझ्याकडे पुढे केला. "आता इकडच्याले बी घाल ना वं पमे, थोडंसं."